येड्या किल्लेदाराची बायको

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या बाजाराला धरून आहे. बसथांब्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि हरभरा घरात आला की दोन महिने मी गावच्या नाटकाचा डायरेक्टर असतो. त्या दोन महिन्यांत मी गिऱ्हाइकांवर खेकसतो, असं लोक म्हणतात. खरंच आहे ते. दिवसभर लोकांना सांगायचं की आधार कार्ड सरळ धरा, आणि संध्याकाळी नटांना सांगायचं की प्रेक्षकांकडे पाठ करू नका. ऐकत कोणीच नाही. अशा माणसानं गोड बोलावं तरी कसं?

पण आज मला भांडायचं नाही. आज मला सिंधूकाकूंबद्दल सांगायचं आहे.

काकू शाळेत खिचडी शिजवतात. सरकारी कागदात या कामाला लांबलचक नाव आहे, पोरांसाठी मात्र त्या खिचडीवाल्या काकू. ठेंगण्या, पदर खोचलेला, हातात कायम पळी नाहीतर कोणाचा तरी कान. पोरगं ताट धुवायला निघालं की काकू विचारणार, "जेवला काय रे?" पोरानं "हाव काकू" म्हटल्याशिवाय त्याची सुटका नाही. ही सवय त्यांना शाळेबाहेरही लागली आहे. पोस्टमन, वायरमन, वाट चुकून गावात शिरलेला ट्रकवाला, दुकानात बसलेला मी, सगळ्यांना हाच प्रश्न. एकदा त्यांना फोनवरून विमा विकणाऱ्या मुलीचा फोन आला. काकूंनी तिलाही विचारलं. ती बिचारी म्हणाली, नाही हो मावशी, अजून सुट्टीच झाली नाही. काकू म्हणाल्या, "तुह्या सायबाले दे फोन." साहेबानं काही फोन घेतला नाही. तो सगळा दिवस काकू त्या न पाहिलेल्या साहेबावर चिडून होत्या.

त्यांचे यजमान म्हणजे किसनराव, आमचे किसनकाका. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. आवाज असा, की त्यांनी घरात "मेहकर" म्हटलं तर रस्त्यावरचा माणूस पिशवी उचलील. नोकरीत असल्यापासून ते आमच्या नाटकात किल्लेदार होतात. नोकरी संपली, किल्लेदारी चालू आहे. घरी मात्र काकांना ऐकू कमी येतं. म्हणजे दळण आणायचं निघालं की कमी येतं, चहा झाला की बरोबर येतं. काकू म्हणतात, "नाटक वर्षातून एकदा असते, सोंग रोजचं हाये."

आता हे नाटक काय आहे ते सांगितलं पाहिजे. आमच्याच शाळेत पूर्वी एक मास्तर होते, त्यांनी ते लिहिलं. पोस्टरवर त्याचं भारदस्त नाव छापलेलं असतं, पण गाव त्याला 'येडा किल्लेदार' म्हणतं. एका गडाचा किल्लेदार असतो. एक सरदार दगा करून गड घेतो आणि किल्लेदाराच्या तरुण पोराला मारतो. आता आपलाही गळा कापला जाणार हे ओळखून किल्लेदार वेड्याचं सोंग घेतो. कुत्र्यासारखा भुंकतो, खराट्यावर बसून घोडदौड करतो, भर दरबारात सरदाराला सासूबाई म्हणतो. सरदार हसतो आणि त्याला सोडून देतो. किल्लेदार हे गुपित कोणालाच सांगत नाही, बायकोलाही नाही, कारण तिच्या तोंडून निघालं तर दोघंही मरतील. पोर गेलेलं, नवरा वेडा झालेला; ती बाई हळूहळू खरंच वेडी होते. शेवटी किल्लेदार सरदाराला मारतो, सोंग फेकतो आणि बायकोकडे धावतो. मी शहाणा आहे गं, म्हणतो. आणि ती त्याला ओळखतच नाही.

दुःखान्त नाटकाची ही जुनीच खोड आहे. एक जण जीव वाचवायला वेड पांघरतो आणि त्याच्या शेजारी कोणीतरी खरंच वेडं होऊन बसतं. पांघरलेल्या वेडाची आपल्याला मजा वाटते, कारण आत शहाणा माणूस बसला आहे हे गुपित आपल्याला माहीत असतं. खऱ्या वेडात मात्र आपल्याला कोणी सामील करून घेत नाही. म्हणून आमच्या गावात किल्लेदाराला शिट्ट्या मिळतात आणि त्याच्या बायकोच्या प्रवेशाला लोक शेंगा घ्यायला उठतात.

पण लोक खरे थांबतात ते नाटक संपल्यानंतरच्या गोष्टीसाठी. आमच्याकडे रीत आहे. पडदा पडतो, मग पुन्हा वर जातो. वेड्याचं काम करणारा माणूस तसाच, रंग लावलेला, उभा असतो. त्याच्या घरचं कोणीतरी वर चढतं, त्याला घरातला एक साधा प्रश्न विचारतं, आणि त्यानं खरं उत्तर दिलं की तो वेडातून खाली आला असं गाव धरतं. मगच त्यानं रंग पुसायचा. उत्तर देईपर्यंत त्याचं बोलणं कोणी मनावर घ्यायचं नाही. याला 'खाली आणणं' म्हणतात. मास्तरांच्या काळात पहिल्या किल्लेदारामुळे ही रीत पडली म्हणे. नाटक झालं तरी तो पठ्ठ्या आठवडाभर वेडाच राहिला, कारण घरी शेणखत वाहायचं काम निघालं होतं. शेवटी बायकोनं त्याला ओढत रंगमंचावर आणलं आणि चारचौघांत विचारलं, बैलाचं नवं दावं कुठं ठेवलं? तो म्हणाला, माळ्यावर. म्हणाला आणि जीभ चावली. दुपारी तो खताच्या गाडीवर होता.

किसनकाकांना खाली आणायला दर वर्षी सिंधूकाकू चढतात. काय विचारणार ते कोणालाच सांगत नाहीत, आणि प्रश्न असा असतो की खरं बोललं तरी पंचाईत. "पाव्हण्यायसाठी ठेवलेला चिवडा कोणं खाल्ला?" "कुकरची शिट्टी कोणं हरपवली?" मागच्या वर्षी तर, "डॉक्टरनं गोड बंद केलं, मंग बीबी गावच्या बाजारात जिलबी कोणं खाल्ली?" किल्लेदाराच्या वेषातले काका मान खाली घालून म्हणाले, "मी." लोक हसून हसून मंडपाच्या बाहेर लोळले. दुसऱ्या गावचे पाहुणे या एका प्रश्नासाठी येतात आणि मला सांगतात, नाटक चांगलं बसवलं.

तर यंदा अडचण आली ती सहदेवभाऊच्या मिशीची.

किल्लेदाराच्या बायकोचं काम पहिल्यापासून पुरुषच करत आले, आणि मला कळायला लागल्यापासून ते सहदेवभाऊ करतो. दर वर्षी मिशी काढतो, केस मोकळे सोडून खदाखदा हसतो, मग रडतो, मग जमिनीवर लोळतो, आणि शेवटी त्यालाही त्याच्या घरचं कोणीतरी खाली आणतं. एकदा लोळताना केसांचा टोप निघाला आणि सरदाराच्या पायात अडकला, तेव्हा सरदार मरायच्या आधीच पडला. यंदा तालीम सुरू व्हायच्या दिवशी सहदेवभाऊ आला आणि म्हणाला, "पोरीचं लग्न ठरलं. नाटकानंतर आठच दिवसांनी हाये. व्याह्यापुढं मी बिनमिशीचा उभा राहू काय?"

मी म्हटलं, "आठ दिवसांत उगवते थोडीशी."

"थोडीशी मिशी घेऊन व्याही होत नसते, रवी." असं म्हणून तो जो गेला तो लग्नाची पत्रिकाच घेऊन परत आला.

मी चार जणांना विचारलं. एकाला लाज वाटत होती, एकाला गुडघे दुखत होते, बाकीच्यांना किल्लेदार व्हायचं होतं. मी डोक्याला हात लावून दुकानात बसलो होतो. काकू शाळेच्या बिलाची झेरॉक्स काढायला आल्या, जेवला काय विचारलं, आणि कागद घडी करता करता म्हणाल्या, "मी करते ते काम."

मी म्हटलं, "काकू, तुम्हाले काहाले पाहिजे हे झंझट?"

त्यांनी कागद पिशवीत घातला. मग म्हणाल्या, "इतके वर्सं मी वर जाऊन त्याईले खाली आणते. मले आणाले कधी कोणी आलं नाही. मी वर गेल्याबिगर कोण येईन?" आणि हसल्या. "मले पाहाचं हाये बाप्पा, माह्या घरच्या माणसाले माह्याबद्दल काय विचारता येते."

मला त्यांचं हसणं दिसलं, पण त्या हसण्यानं मी फसलो नाही. काकूंना ते हवं होतं. लहान पोराला जत्रेतला पाळणा हवा असतो तसं मनापासून हवं होतं. मी त्याच दिवशी पोस्टरवर त्यांचं नाव घातलं.

तालमीत आमचं पहिल्या दिवसापासून वाजलं. माझ्या मनात सहदेवभाऊचंच काम होतं, फक्त टोप न निघणारं. मी म्हटलं, काकू, केस सोडा, डोळे फिरवा, एक किंकाळी मारा. काकूंनी केस सोडले नाहीत. त्या पदर खोचून खाली बसल्या, हातानं जमीन सारवल्यासारखी पुसली, पाट मांडला, ताट ठेवलं आणि रिकाम्या पाटाकडे बघून म्हणाल्या, "बस रे बाप्पा, गरम हाये तवरक." मास्तरांच्या पुस्तकी वाक्यांना त्यांनी हात लावला नाही, ती सगळी सोडूनच दिली.

किसनकाका बाजूला खराट्यावर बसून घोडदौडीची वाट बघत होते. ते म्हणाले, "हे पब्लिकले समजनच नाही. येडी कुठं दिसून राह्यली तू?"

"येड्याले वाटते काय आपण येडे हाओ?" काकू म्हणाल्या. "तुमचं सोंग हाये, तं तुमाले दाखवा लागते. कोण पाहून राह्यलं ते पाहा लागते. माहं खरं हाये. मी कोणाले काय दाखवू? मले फक्त पोराले जेवाले वाढाचं हाये."

मी चिडलो. मी म्हटलं, मागच्या रांगेतल्या माणसाचं काय, त्याला काय कळणार? आम्ही तासभर वाद घातला. मेकअप आणि पडदा सांभाळणारे रहेमतुल्लाचाचा, ज्यांचं गावात शिवणकामाचं दुकान आहे, ते सुई-दोरा घेऊन मध्ये बसले होते. ते म्हणाले, "रवी, करू दे ना तिले. लोक शेंगाच घ्याले उठतात त्या टायमाले. शेंगा तं विकल्या जातीन." एवढा मान माझ्या दिग्दर्शनाला होता.

आणि काकूंनी आणखी एक हट्ट धरला. ताट रिकामं नको. मी म्हटलं, नाटकात सगळं खोटंच असतं, तलवारसुद्धा पत्र्याची आहे. त्या म्हणाल्या, "तलवार तुमची, तिचं काहीबी करा. रिकामं ताट वाढाले माहा हात चालत नाही." त्या तालमीलाही घरून भाकरीचा तुकडा आणायच्या आणि त्या पाटापुढं ठेवायच्या. तालीम संपली की तो तुकडा रहेमतुल्लाचाचांच्या बकरीला.

नाटक तोंडावर आलं तेव्हा चाचांनीच बॉम्ब टाकला. किल्लेदाराची दाढी चिकटवून बघताना ते अगदी सहज म्हणाले, "ते सगळं बराबर हाये. पण खाली कोन कोनाले आनीन?"

काकांना आणायचं काम काकूंचं. काकूंना आणायचं काम काकांचं. आणि रीत अशी, की जो स्वतः खाली आलेला नाही त्यानं दुसऱ्याला आणायचं नाही. वेड्यानं वेड्याला विचारलेला प्रश्न प्रश्नच नव्हे. इतकी वर्षं ही रीत चालवणाऱ्या गावाच्या, आणि तिच्यावर हसणाऱ्या माझ्या, हे डोक्यातच आलं नव्हतं. यंदा घरातले दोन्ही खांब वर उभे आणि खाली कोणीच नाही.

मी म्हटलं, पोरगा बाहेरगावी असला तरी सून आहे ना. समता वर चढेल आणि दोघांनाही आणेल. समता अंगणवाडीत काम करते, हुशार पोरगी आहे, ती लगेच तयार झाली. काकू तयार होईनात. "समता मले काय विचारीन? घरातलं तिले जे माहीत हाये ते मीच सांगतलं. आपलंच शिकवलेलं आपल्याले विचारलं त्यात काय मजा?"

किसनकाकांनी वेगळाच मुद्दा काढला. "माहं येड तं सोंग हाये. ते नाटकातच उतरते. मले आणाची गरजच नाही. मी शहाणाच असतो शेवटी."

"मंग आतापर्यंत जिलब्या काऊन कबूल केल्या?" काकूंनी विचारलं.

काकांना तेवढ्यात ऐकू येईनासं झालं. सभा तिथंच संपली. ठरलं एवढंच, की वर गेल्यावर पाहून घेऊ. आमच्या गावातले सगळे मोठे निर्णय असेच होतात.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. आपल्याला वर काहीतरी विचारावं लागणार हे काकांच्या डोक्यात शिरलं, आणि मग हेही शिरलं की घरातलं आपल्याला काहीच माहीत नाही. कुठल्या गावाचं तिकीट किती ते अजून पाठ आहे, पण साखर कोणत्या डब्यात आहे ते सांगता येत नाही. सगळ्या गावासमोर चुकीचा प्रश्न विचारला तर? समता सांगत होती, ती हसता हसता दुकानाच्या पायरीवरच बसली. "दादा, बाबा दुपारी सगळे झोपले की स्वयंपाकघरात जातात आणि डबे उघडून पाहातात. काल मले बाजूले नेऊन विचारलं, तुह्या सासूची हळद कोणत्या फळीवर असते? मी म्हणलं, मधल्या. तं दिवसभर मधली, मधली करत फिरून राह्यले."

काकूंनाही कळलं होतं. तिखटाच्या डब्यात हळदीचा चमचा निघाल्यावर कोणाला कळणार नाही? त्या माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा फुललेला होता. "म्हातारा अभ्यास करून राह्यला," म्हणाल्या. पण जाता जाता थांबल्या आणि आवाज उतरला. "हळदीचं नको विचारा म्हणा. हळदीचं मी जलमभर सांगतच आली. तेच विचारासाठी मी इतकी वर चढू काय?"

मी काकांना तसं सांगणार होतो. मग सांगितलं नाही. डायरेक्टरनं सगळीच वाक्यं सांगायची नसतात.

नाटकाचा दिवस रविवारचा होता. माइक लवकर बंद करावा लागतो म्हणून आम्ही हल्ली ऊन उतरलं की सुरू करतो आणि जेवणाच्या वेळेला मोकळे होतो. नाटकमंडळींचं जेवण दुपारी असतं आणि तेही काकूच करतात. यंदा स्वतः काम करायचं असूनही त्यांनी चूल दुसऱ्याकडे दिली नाही. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी. सगळ्यांना स्वतः वाढलं. सरदाराला विचारलं, शिपायांना विचारलं, लाइटवाल्याला शिडीवरून खाली बोलावून विचारलं, "जेवला काय?" फक्त किसनकाकांना विचारलं नाही, कारण नाटक होईपर्यंत ते जेवत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोटात अन्न गेलं की अंगात येड येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पंगत उठल्यावर काकूंनी स्वतःसाठी ताट घेतलं, आणि तेवढ्यात चाचांनी रंग लावायला हाक मारली. ताट तसंच झाकून त्या आत गेल्या. मी पाहिलं होतं ते. पण त्या वेळी पडद्याची दोरी अडकली होती आणि मी दोरीवर ओरडत होतो.

नाटक सुरू झालं. काका खराट्यावर बसून आले आणि मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. ते भुंकले, तर मागून खरी कुत्री भुंकली. सासूबाई म्हटल्यावर तर सरदाराचं कामही हसण्यात वाहून गेलं. मी पडद्याआड खूश होतो आणि घाबरलो होतो, कारण पुढचा प्रवेश काकूंचा होता. लोक शेंगांसाठी उठायला लागले होते.

काकू आल्या. हातात ताट, त्यावर दुपारचं ते झाकलेलं जेवणच, रोडगा, वरण, भाजी. पुढं सतरंजीवर शाळेची सगळी पोरं बसलेली. आपल्या खिचडीवाल्या काकू रंग लावून आल्या म्हणून त्यांना कोण आनंद. काकूंनी जमीन पुसली, पाट मांडला, ताट ठेवलं, पदरानं वारा घातला. मग रिकाम्या पाटाकडे बघून, रोजच्याच आवाजात विचारलं, "जेवला काय रे?"

सगळी पोरं एका सुरात ओरडली, "हाव काकू."

मंडप हसला. मीही कपाळावर हात मारला. प्रवेश गेला म्हटलं. पण काकूंनी पोरांकडे पाहिलंच नाही. त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं. त्यांची नजर पाटावरून हलली नाही. त्या वाकल्या, रोडग्याचा तुकडा मोडून वरणात बुडवला आणि पुन्हा विचारलं, आणखी मऊ आवाजात, "जेवला काय रे बाप्पा?"

या वेळी एकही पोरगं बोललं नाही. त्यांना कळलं होतं की काकू आपल्याला विचारत नाहीत. पोरांना कळलं आणि पोरांमुळे मोठ्यांना कळलं. शेंगा घ्यायला उठलेले लोक उभेच राहिले. शेंगावाल्यानं कढईत झारा घालणं थांबवलं. मागच्या रांगेतल्या त्या माणसाला कळेल की नाही याची मी इतके दिवस चिंता केली होती. तो माणूस खांबाला धरून रडत होता, आणि तो सहदेवभाऊ होता. मिशी ओली करून रडत होता.

शेवटच्या प्रवेशात सरदार मेला. काकांनी खराटा फेकला, दाढी ओढून काढली आणि बायकोकडे धावले. "मी शहाणा आहे. सगळं सोंग होतं. बघ माझ्याकडे." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळखीची एक रेघही चेहऱ्यावर नाही. "बाजूले सरका बाप्पा," म्हणाल्या, "पोराचं ताट हाये." पडदा पडला. टाळ्या पडायला वेळ लागला, आणि पडल्या तेव्हा थांबेनात.

मग चाचांनी पडदा पुन्हा वर घेतला.

काकू तशाच ताटापाशी बसलेल्या होत्या. काका उभे. सगळ्या गावाच्या तोंडावर हसू तयार, की आता कोण कोणाला विचारणार. मी पडद्याआडून ओठ हलवले, "हळद, हळद." काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बायकोकडे बघत होते. काकू अजूनही पाटाकडेच बघत होत्या आणि पदरानं वारा घालत होत्या, हळूहळू, जेवणावर माशी बसू नये म्हणून.

मी काकांना इतकी वर्षं रंगमंचावर पाहिलं आहे. हजार तऱ्हेचे चेहरे पाहिले, पण हा पाहिला नव्हता. ते घाबरले होते. स्वतः जन्मभर वेड घेतलं आणि टाकलं, त्यामुळे समोरच्याचंही तसंच असेल असं त्यांनी धरलं होतं. आता त्यांची खात्री हलली होती. मधली फळी, हळद, सगळं डोक्यातून गेलेलं दिसत होतं. ते गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसले. चारचौघांत बायकोला ते कधी नावानं हाक मारत नाहीत, "ऐकलं काय" म्हणतात. आज म्हणाले, "सिंधू."

वारा घालणारा हात थांबला.

"सिंधू," काका म्हणाले, कंडक्टरचा तो आवाज कुठल्या कुठं गेलेला, "तू जेवली काय वं?"

काकूंनी मान वळवली. सगळ्या गावाला रोज हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला तो आज कोणीतरी विचारला होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. मग घरच्या, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "नाही ना. ताट घेतलं होतं, तं हाक आली."

आणि लगेच, सवयीनं, विचार न करता, "तुमी?"

"मी बी नाही," काका म्हणाले.

काका बोलून गेले आणि मग माझ्या ध्यानात आलं. विचारायचा प्रश्न झाला, खरं उत्तर झालं. उलटा प्रश्न झाला, त्याचंही खरं उत्तर झालं; आधी कोण उतरलं याचा हिशेब आता कोणी मागणार नव्हतं. दोरी धरून उभे असलेले रहेमतुल्लाचाचा माझ्याही आधी बोलले, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं, "दोघंबी उतरले."

त्यानंतर जे झालं ते मी बसवलेलं नव्हतं. काकूंनी पोराचं म्हणून वाढलेलं ते ताट दोघांच्या मध्ये ओढलं. काकांनी रोडगा मोडला. रंग लावलेली दोन म्हातारी माणसं भर उजेडात, सगळ्या गावासमोर, एका ताटात जेवायला बसली, आणि एकही माणूस उठून गेला नाही. पोरं सतरंजीवरून पुढं सरकून बघत होती. तिसऱ्या घासाला काका म्हणाले, "वरणात मीठ कमी हाये," आणि काकू म्हणाल्या, "आता पुरते आले खाली." तेव्हा मंडप हसला, आणि मी दिवसभरात पहिल्यांदा ओरडणं थांबवून हसलो. मला फार आनंद झाला होता. तो लपवण्यासाठी मी लाइटवाल्यावर थोडा ओरडलो.

सोमवारी शाळेत खिचडीच्या वेळेला जे झालं ते समतानं सांगितलं. पहिल्या पोरानं ताट पुढं केलं आणि विचारलं, "काकू, तुमी जेवल्या काय?" दुसऱ्यानंही तेच, तिसऱ्या पोरीनंही तेच. रांग संपेपर्यंत प्रत्येकानं विचारलं आणि उत्तर मिळाल्याशिवाय एकही पुढं सरकलं नाही. काकूंनी पळी उगारली, रागावल्या, "येड लागलं काय रे तुमाले," म्हणाल्या. तो राग सोंगाचा आहे हे पहिलीतल्या पोरालाही दिसत होतं.

संध्याकाळी काकू दुकानात आल्या. सहदेवभाऊ तिथंच लग्नाच्या कामाला आला होता, मिशीला पीळ देत होता. लग्न झालं की पुढच्या साली काम करायला मोकळा आहे, असं मला सांगत होता. काकूंनी आधी त्याला विचारलं, जेवले काय भाऊ. तो हो म्हणाला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"रवी," त्या म्हणाल्या, "भाऊले मिशी लय शोभते. काढू नको देजो."